बोट पडलं की लिहायचं

कोणी म्हटलं, “गोप्या, कर बे नक्कल,” तं मी खामगाव स्टँडवरचा कंट्रोलर करतो, आमचे शेठ करतो, जिनिंगच्या मशीनचा पट्टा निसटल्यावर होते तो आवाजपण करतो. फक्त सांगळे सरांची नक्कल आता करत नाही. पहिले दिवसातून चारदा करायचो. सर जेवाले गेले की त्यांच्या स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे, डाव्या हातानं हवेतच बटन फिरवायचं अन् उजव्या हाताचं बोट वर धरायचं. बास. बाजूच्या टेबलावर काम करणाऱ्या अन्याच्या हातातली सोल्डरिंग गन पडून जाये हसून हसून.

आमचं वर्कशॉप म्हणजे खामगावात सरकीच्या गोडाउनामागची एक लांबच लांब खोली. वायरलेस सेटांची दुरुस्ती. वर्षभर जिनिंगवाल्यांचे अन् मंगल कार्यालयात पार्किंग सांभाळणाऱ्या पोरांचे वॉकीटॉकी येत राहतात. पण खरं काम उन्हाळ्यात येते. नदीकाठच्या सतरा गावांत पूर-सूचनेचे रिसिव्हर आहेत. धरणाचं दार उघडायच्या आधी वायरलेसवर सूचना सुटते, पंचायतीत ठेवलेला हा डबा ती पकडतो अन् गावात भोंगा वाजते. मे महिन्यात ते सतरा डबे आमच्याकडं येतात, तपासाले. “यांचे कान तपासायचे,” असं सर म्हणत.

तपासायची रीत अशी. सिग्नल जनरेटर नावाचं एक जुनं, जड यंत्र आहे आमच्याकडं. त्याच्यातून रिसिव्हरमध्ये एक टोन सोडायचा. ट्यूंऽऽऽ असा एकसुरी, जसा कोणी दाताच्या फटीतून शिट्टी मारून राह्यला. मंग बटन फिरवून तो सिग्नल कमी करत न्यायचा. जसा सिग्नल कमी होते, तशी स्पीकरातली सळसळ वाढते, अन् टोन त्या सळसळीत बुडत जाते. जिथं पुरा बुडला, तिथला आकडा रजिस्टरात लिहायचा. आकडा जितका लहान, तितका रिसिव्हरचा कान तिखट.

सांगळे सर हे काम डोळे मिटून करत. डावा हात बटनावर. उजव्या हाताचं पहिलं बोट वर. बोट वर आहे तोवर टोन ऐकू येऊन राह्यला. बोट पडलं की बुडाला. मी टेबलाच्या कोपऱ्यावर, स्पीकरच्या अगदी बाजूले बसायचो, कारण जनरेटरचा आकडा तिथून सरळ दिसते. बोट पडलं की मी आकडा लिहायचा. एका डब्याचं तीनदा. तिन्ही वेळा बोट त्याच आकड्यावर पडे. एखाद्या वेळी केसभर फरक पडला तं सर चौथ्यांदा करत.

ही जागा मले सरांनीच दिली होती. मी आयटीआय करून नवा-नवा आलो, तेव्हा शेठनं मले त्यांच्यापुढं उभं केलं. सरांनी चष्म्यावरून पाह्यलं.

“काय काय येतं तुम्हाला?”

मी बावीस वर्षांचा, अन् मले ‘तुम्हाला’. मी म्हटलं, “सर, खरं सांगू का? नकला येतात.”

अन्या मागून फिसकन हसला. सर नाही हसले. म्हणाले, “मग कान खरा असणार. नकला करणाऱ्याला आधी नीट ऐकावं लागतं. बसा गोपाळराव, रजिस्टर घ्या.”

गावात मले गोप्या, घरी गोपल्या, अन् इथं डायरेक्ट गोपाळराव. चहावाल्या पोऱ्यालेपण ते ‘किसनराव’ म्हणत. तो पोऱ्या म्हणून त्यांचा कप वेगळा धुऊन आणे.

सर मूळचे दुसरबीडचे. तिकडची बोली. ‘का’ले आम्ही ‘काऊन’ म्हणतो, ते ‘कामून’ म्हणत. त्यांची ती ‘लई’ अन् ‘कामून’ मी इतकी घोटली होती का फोनवर शेठले एकदा सरांच्या आवाजात सुट्टी मागतली अन् मिळालीपण. पांढरा बुशशर्ट, वरच्या खिशात स्क्रू पिळायचा एक बारका पेचकस, अन् कानाच्या पाळीवर केस. टेस्टिंगले बसायच्या आधी दोन्ही पाळ्या चिमटीत धरून चोळत, जसा पहिलवान मांडी ठोकते. टेस्टिंगच्या दिवशी कचोरी बंद, सुपारी बंद. “दाताचा आवाज तासभर कानात ऱ्हातो,” म्हणत.

रजिस्टराचा एक नियम होता. खोडायचं नाही. व्हाईटनर तं वर्कशॉपात आणायचंच नाही. आकडा चुकला तं त्याच्यावर एक आडवी रेघ, अशी की खालचा चुकीचा आकडा दिसला पाहिजे. बाजूले बरोबर आकडा, अन् खाली ज्यानं चुकवला त्याची सही. मी पहिल्याच आठवड्यात एक आकडा गिरवून-गिरवून काळा केला, तं सर म्हणाले, “गोपाळराव, चूक लपवली की दोन होतात. कामून वाढवता?”

वाढवणं त्यांले कशातच आवडे नाही. समोरच्या मोबाईलवाल्यानं एकदा दुकानाबाहेर हा एवढा मोठा स्पीकर लावला. अन्या भांडून आला, काही फायदा नाही. मंग सर गेले. दहा मिनिटांनी आवाज बंद.

“सर, काय धमकी देल्ली?”

“धमकी कशाची? मी त्यांना म्हणलं, राव, आणखी वाढवा. त्यांनी वाढवला. म्हणलं, आणखी. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते कानावर हात ठेवून पळालं. मग त्यांनी आपल्या हातानं कमी केला.” अन् स्टुलावर बसता-बसता, “वाढवायला काय, कोणीबी वाढवतं. कमी करत जाता आलं पाहिजे.”

आता मी जे केलं ते सांगतो.

टेस्टिंगच्या वेळी सर कूलर बंद करत. कूलरच्या घरघरीत टोन नीट ऐकू येत नाही, बरोबर आहे. पण मे महिना, वर पत्रे, अन् सतरा डबे. एका डब्याचे तीन रीडिंग. घामानं रजिस्टराचं पान हाताले चिपके. अन्या तिकडून ओठानंच शिव्या दे. त्या दिवशी बाराव्या डब्यावर मी पार उकडून गेलो होतो अन् मले बदमाशी सुचली.

ती टोनची शिट्टी मले येत होती. तीन वर्षं त्या स्पीकरच्या बाजूले बसून मी ती पक्की उचलली होती. ओठ हलत नाहीत, दाताच्या फटीतून हवा सोडायची फक्त. अन्याले करून दाखवली होती, तं त्यानं उठून जनरेटर चालू आहे का पाह्यलं होतं.

सरांचं बोट वर. बटन फिरून राह्यलं. टोन सळसळीत बुडाले आला, बोट किंचित हललं, अन् मी हळूच शिट्टी सुरू केली. बारीक. टोन बुडाला, माझी शिट्टी चालू राह्यली. सरांचं बोट पडलं नाही.

त्यांनी आणखी कमी केलं. मीपण आवाज जरासा कमी केला, म्हणजे खरं वाटावं. अन्यानं तोंडात रुमाल कोंबला. सरांच्या भुवया वर गेल्या, असा तिखट रिसिव्हर त्यांनी जन्मात पाह्यला नसेल. बटन फिरत-फिरत शेवटाले टेकलं. बोट वरच. मंग सरांनी डोळे न उघडता चाचपून जनरेटरचं आउटपुट बंद केलं. खट्. आता रिसिव्हरमध्ये काहीच जाऊन राह्यलं नव्हतं.

अन् मी गधा, शिट्टी मारूनच राह्यलो. रंगात आलो होतो.

सरांनी डोळे उघडले, तसा मी गप झालो. त्यांनी बंद केलेल्या खटक्याकडं पाह्यलं. मंग आपल्या वर असलेल्या बोटाकडं. मंग पुन्हा खटक्याकडं. मी तोंड एकदम साधं ठेवलं होतं, त्यात मी उस्ताद. मले वाटलं, आता सर माझ्याकडं पाहतील, मी हसेन, ते ‘आवो गोपाळराव!’ म्हणतील, अन्या कूलर लावेन अन् सर चहा सांगतील.

सरांनी माझ्याकडं पाह्यलंच नाही. आपलं बोट त्यांनी दुसऱ्या हातानं धरून खाली घेतलं.

“आज एवढंच,” म्हणाले. जनरेटरवर कापड टाकलं, अन् तीन वाजता घरी निघून गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

“सांग बे त्यांले,” अन्या म्हणाला.

“उद्या सांगतो ना. उद्या मज्जा येईन.”

दुसऱ्या दिवशी सर अर्ज घेऊन आले. शेठच्या टेबलावर ठेवला. आम्ही दारातून ऐकून राह्यलो होतो.

“शेठ, माझा कान खोटं ऐकायला लागला,” सर म्हणाले. “कमी ऐकू आलं असतं तर चाललं असतं. कमी ऐकणारा माणूस चांगला सेट नापास करतो, नुकसान काही नाही. मला नसलेलं ऐकू येतंय. असा माणूस मेलेला सेट पास करतो. सोळा गावांत भोंगा वाजला अन् सतराव्या गावात नाही वाजला, तर त्या गावाला कोण सांगणार, की सांगळ्याचा कान गेला होता म्हणून?”

शेठ म्हणाले, “सर, उन्हाचं होते असं. दोन दिवस आराम करा.”

“अन् हे कधीपासून होतंय ते मला माहीत नाही,” सर म्हणाले. “इथले बारा डबे दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. पण मागच्या साली ज्यांच्यावर मी सही केली, ते पाच डबे ह्या साली आलेच नाहीत, अजून गावातच आहेत. ते तपासल्याशिवाय मी जात नाही.”

तिथं दारात मी सांगाले पाह्यजे होतं. माझी नोकरी कंत्राटी, शेठचा राग सगळ्या गावाले माहीत. मी स्वतःले म्हटलं, एकट्यात सांगू.

मंग एकट्यातच होतो आम्ही, पाच दिवस. शेठनं अकोल्याहून आकडा आपोआप दाखवणारं एक मीटर भाड्यानं आणलं. ते, जनरेटर, सर अन् मी, एसटीनं पाच गावं फिरलो. जनरेटर मी मांडीवर घेऊन बसायचो. सर खिडकीच्या बाजूले, कानात कापूस घालून. “आहे तो तरी सांभाळतो,” म्हणाले. मलकापूरच्या फाट्यावर आम्ही दोन तास बसची वाट पाहत उभे होतो, उन्हात, अन् ते आपल्या डोक्यावरचा पंचा काढून जनरेटरवर टाकून राह्यले. दोन तास. बाकी कोणी नाही, डांबर अन् आम्ही. तिथंपण मी नाही सांगतलं. मी त्यांले कंट्रोलरची नक्कल करून दाखवली.

“लई हुबेहूब,” ते म्हणाले, अन् थोडे हसले. “तुम्ही संगती आहात म्हणून बरं, गोपाळराव.”

पाचही गावांत मीटरनं तोच आकडा दाखवला, जो सरांच्या बोटानं वर्षाआधी सांगतला होता. पाचही. एका ठिकाणी तं मी रजिस्टर त्यांच्यापुढं धरलं, “पाहा ना सर! तुमचा कान मीटरबरोबर आहे!”

“मागच्या साली होता,” सर म्हणाले. “ह्या साली मी माझ्या बोटानं पाह्यलं ना. खटका बंद, अन् बोट वर.”

पाचव्या गावाहून आलो तेव्हा त्यांनी रजिस्टर माझ्या हातात देल्लं, पेचकस खिशातून काढून त्याच्यावर ठेवला, अन् दुसरबीडले निघून गेले. शेठनं मीटर विकतच घेतलं. माझी नोकरी पक्की झाली, कारण मीटर वाचाले कोणीतरी पाह्यजेच.

पुढं दहा महिने मी नकला केल्या नाहीत असं नाही. लग्नात केल्या, गणपतीत केल्या. पण मधातच कोणी म्हणे, “तो तुमचा बोटवाला मास्तर कर ना बे,” अन् मले एकदम तहान लागे.

मार्च सरता-सरता एक दिवस मी तो पेचकस खिशात टाकला अन् दुसरबीडची गाडी पकडली.

सरांचं घर रस्त्यालगतच. पुढं ओटा, ओट्यावर सर, रस्त्याकडं पाठ, तोच बुशशर्ट. ओट्याच्या फाटकाची कडी मी दोनदा वाजवली. सर तिथं हातभर अंतरावर बसले होते, पण उठले नाहीत. आत तोंड करून म्हणाले, “अहो, कडी वाजली का?”

“वाजली वाजली!” आतून काकू.

तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली. “आवो! गोपाळराव!”

काकूनं चहा आणला अन् माझ्यापुढं तक्रार मांडली. “तुम्हीच समजावा बाबा ह्यांना. कुकरची शिट्टी झाली का, इचारतात. फोन वाजला का, इचारतात. परवा रस्त्यावर गाडीवाला हॉर्न देऊन देऊन दमला, हे मधात उभे, माझ्याकडं बघतात, खरंच वाजतोय का म्हणून!”

सर नुसते कपातल्या चहाकडं पाहून राह्यले. मी कप ओट्यावर ठेवला. काकू आत गेली तसा मी बोललो. एका दमात.

“सर, त्या दिवशी तुमच्या कानाले काही नव्हतं झालं. ती शिट्टी मी मारली होती. टोनची. मस्करीत.”

सर माझ्याकडं पाहत राह्यले. मंग हळूच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्ही मनानं लई चांगले आहात,” म्हणाले. “त्या पाच गावांतबी तुम्ही असंच मला हसवायला बघत होता. पण माझ्यासाठी खोटं नका बोलू.”

दहा महिन्यांनी मी खरं बोललो, तं ते खोटं ठरलं.

“देवाशप्पथ सर! मारून दाखवू का?”

त्यांनी थोडा विचार केला. दोन्ही पाळ्या चोळल्या. स्टुलावर बसत तसेच ताठ बसले. “मारा. अन् कमी करत न्या. सावकाश.”

डोळे मिटले. मी दाताच्या फटीतून टोन सोडला. सरांचं बोट एकदम वर आलं, अन् तोंडावर असं काही आलं, जसा खूप दिवसांनी कोणी घरचा माणूस भेटला. “तीच,” पुटपुटले. “सेकंदाला हजार सायकल. तीच.”

मी कमी करत नेली. बारीक. आणखी बारीक. रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला, त्याच्यातूनही सरांचं बोट वर होतं. मंग मी थांबलो.

बोट वरच.

मी श्वास धरून बसलो. सरांचे डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी, अन् बोट वर. काहीच वाजत नव्हतं. माझी एक शिट्टी दहा महिने त्यांच्या कानात वाजत होती का वयानं आता खरंच काही झालं होतं, मले माहीत नाही. आत्ता डोळे उघडले, तं ते मले गप बसलेला पाहतील, आपलं बोट पाहतील. मले ते पुन्हा पाहवलं नसतं. मी पुन्हा शिट्टी सुरू केली. एकदम बारीक. त्यांच्या बोटावर नजर ठेवून मारत राह्यलो, अन् ज्या क्षणी बोट पडलं, त्याच क्षणी तोंड बंद केलं.

सरांनी डोळे उघडले. “आत्ता गेली. बरोबर?”

“एकदम बरोबर, सर.”

मी सर असे हसलेले कधी पाह्यले नव्हते. “म्हणजे तुम्हीच होता! आवो गोपाळराव, लई हरामखोर तुम्ही!” अन् आत ओरडले, “अहो, ऐकलं का? कान बरा आहे माझा! ह्या माणसानं शिट्टी मारली होती!” काकू पिठाच्या हातानं बाहेर आली, मले शिव्या द्याव्या का लाडू द्यावा हे तिले समजेना. शेवटी लाडू देल्ला. मी पेचकस काढून देल्ला, तो सरांनी बुशशर्टाच्या खिशात टोचला, जसा कधी काढलाच नव्हता.

मले सोडाले ते रस्त्यावर आले. लांबून एसटीचा हॉर्न वाजला अन् कोणाले न इचारता ते म्हणाले, “आली तुमची गाडी.”

मी चढलो, खिडकीत बसलो. सर खिडकीखाली आले.

“शेठला सांगा, मी मे महिन्यात येतो. डबे येतील ना सतरा? मीटर बाजूला ठेवायचं. पास-नापास माझ्या बोटावर, अन् सही माझी. गावांचा प्रश्न आहे, यंत्रावर सोडता येत नाही.”

गाडी हलली. सरांनी तेच बोट वर केलं, निरोपाचं. मी मागं वळून पाह्यलं, तं ते अजून तसंच वर होतं.

दोनशे-तीनशे पावलं गेली असेल गाडी. माझ्या डोक्यात सतरा डबे ओळीनं मांडलेले, कूलर बंद, टोन कधीचा बुडालेला, अन् सरांचं बोट वर.

“मास्तर, थांबवा! थांबवा गाडी!”

“काय झालं बे? आत्ता तं बसला!” कंडक्टर खेकसला. मी उतरलो.

उन्हातून चालत मागं आलो. सर ओट्याच्या पायरीवर पोचले होते. माझ्या चपलांचा आवाज त्यांनी ऐकला, आपला आपण, अन् वळले. कपाळावर हाताची सावली धरून पाह्यलं.

“काय राहिलं, गोपाळराव?”

“सर, एक रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं,” मी म्हटलं. “आत्ता. माझ्याच हातानं.”

त्यांनी आपल्या बोटाकडं पाह्यलं. मंग पायरीवर बसले, अन् बाजूची जागा पंच्यानं झटकून मले दाखवली.

“खोडू नका,” म्हणाले. “रेघ मारा. अन् सांगा, बरोबर आकडा काय होता?”